राहेलबाईंचे चौसष्ट ठोके

"घंटा वाजवायची नाही," भिंगारदिवे मास्तर म्हणाले.

ते आमच्या खोलीच्या दारात उभे होते. सकाळचे आठ वाजले असतील. मी चहाची बशी तोंडाला लावली होती, ती तशीच हातात राहिली. राहेलबाई गेल्याचं पहाटेच कळलं होतं आणि माझी बायको सारा दवाखान्याकडं, त्यांच्या खोलीवर गेली होती, बाईंना आंघोळ घालायला.

"बाई मंडळीत नव्हत्या. मंडळीत नाही त्याला घंटा नाही, आणि घंटा नाही त्याला कबरस्तानात जागा नाही. ओढ्याच्या कडेला पुरतील. पाळकसाहेबांना सांगून आलोय, तुलाही सांगून ठेवतो."

मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या भानसगावात कुणी नव्हता.

"आणि एलिया," जाता जाता ते थांबले, "ही खोली घंटावाल्याची आहे. पंचांच्या सांगण्यावरून जो घंटा वाजवतो, त्याची."

ते आवाज न चढवता बोलायचे. शाळेचे हेडमास्तर होते, पंचांचे अध्यक्ष होते, आणि दोन्हीकडं त्यांना आवाज चढवावा लागत नसे.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, माणूस गेलं की त्याच्या वयाएवढे ठोके द्यायची रीत होती. एक ठोका द्यायचा, मग मनात एकदा प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायची, मग दुसरा. शेतातली माणसं हातातलं काम टाकून ठोके मोजायची आणि आकड्यावरून कोण गेलं ते ओळखायची. पहिला ठोका पडला की पाळकसाहेब झगा घालणार, कबरस्तानाचं फाटक उघडणार, खड्डा खणणारे फावडी उचलणार. सुरू झालेली घंटा मध्येच थांबवायची नाही, हेही ठरलेलं. घंटा अर्धवट राहिली तर माती अर्धवट, असं जुनी माणसं म्हणत आणि पुन्हा वाजवायला कुणी धजत नसे. म्हणजे सगळं त्या दोरावर होतं, आणि दोर माझ्या हातात. मी चौथी नापास माणूस, ख्रिस्तमंदिर झाडणारा, पण वस्तीतलं एकही प्रेत माझ्याशिवाय पुढं सरकत नव्हतं. एरवी याचा मला जरा तोराच होता.

खोली म्हणजे कंपाउंडातली एक दहा बाय बाराची खोली. सिमेंटची जमीन, वर पत्रा, दारासमोर नळ. कुणाला हसू येईल, पण सारानं त्या नळासाठी देवाचे किती आभार मानले होते ते मला माहीत आहे. तिचं लहानपण दुसऱ्यांच्या शेतावरच्या खोपटांत गेलं. सालगडी बापाबरोबर दर पाडव्याला बिऱ्हाड डोक्यावर घेऊन निघायचं. लग्नानंतर त्या खोलीत आली तेव्हा तिनं मला एकच गोष्ट मागितली होती. इथून कुठं जायला लावू नका, म्हणाली. बावीस वर्षं मी तेवढी एक गोष्ट पाळली होती. मुलगी नगरला नर्सिंगला होती, तिचीही फी मंडळीच्या शिफारशीवर माफ होत होती.

राहेलबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. कुठल्याशा दुष्काळात मिशनच्या साहेबांना रस्त्याकडेला सापडलेलं पोर. वय साहेबांनीच अंदाजानं लिहिलं होतं, त्यावर त्या स्वतःच हसायच्या. वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या हातात जन्मली, त्यात मास्तरांची तीनही मुलं आली. लग्न केलं नाही. बोलायला फटकळ होत्या, पण हात असा हलका की सुई कधी टोचली ते कळायचं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांना मंडळीबाहेर काढलं. कंपाउंडातल्या विहिरीला तेव्हा जेमतेम पाणी होतं. पंचांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं, किल्ली माझ्याकडं दिली आणि ख्रिस्ती घरांना घरटी दोन घागरी ठरवून दिल्या. बाहेरच्यांना थेंब नाही. माळावर पारध्यांची दहा-बारा पालं होती. तिथं बाई एका बाळंतिणीला सोडवायला गेल्या, तर मूल धुवायला पाणी नव्हतं. त्यानंतर आठ दिवस दिवेलागणीला कुणीतरी कुलूप काढून माळावर पाणी नेत होतं. नवव्या दिवशी पंचांनी बाईंना घागरीसकट पकडलं. सभा बसली. किल्ली चोरली म्हणून बाईंचं नाव मंडळीच्या पुस्तकातून खोडलं. त्या 'मी घेतली' एवढंच म्हणाल्या.

पण उपासनेला यायच्या थांबल्या नाहीत. आत बसायला मनाई, म्हणून सहा वर्षं दर रविवारी व्हरांड्यात पोतं टाकून बसल्या. प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर आणि द्राक्षरस वाटताना, मंडळीबाहेरच्यांना दिसू नये म्हणून दारं लावून घेत, तेव्हा त्यांच्या तोंडावर दारं लागायची. ती दारं मीच लावायचो.

सारा परत आली ती नऊच्या सुमाराला. हात अजून ओले होते. मी तिला मास्तर आल्याचं सांगितलं. तिनं पदराला हात पुसले आणि चुलीपुढं बसली.

"मग गप बसायचं," ती म्हणाली.

"आणि बाई?"

"बाई गेल्या. आपल्याला ऱ्हायचं हाय." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "आवं, मी काय दगडाची नाय. आत्ता त्यांचं डोकं मांडीवर घिऊन केस विंचरलेत मी. पण ह्या वयात मला दारोदार हिंडवू नका. एवढंच हाय माझं."

मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मास्तरांनी नाही सांगितलं, बायकोनं नाही सांगितलं, आता मी बिचारा काय करणार. भित्र्या माणसाला दोन माणसं नाही म्हणणारी मिळाली की त्याचा दिवस चांगला जातो. पण तो दिवस चांगला जाईना. नळावर जाऊन तोंड धुतलं, परत आलो, परत धुतलं.

मंदिर झाडायच्या निमित्तानं बाहेर पडलो तर पाळकसाहेब व्हरांड्यात येरझारा घालत होते. रेव्हरंड थोरात. वय तिशीच्या आतबाहेर, नेमणूक होऊन वर्ष झालेलं. चांगला माणूस होता. त्याच्या उपदेशात धैर्य हा शब्द फार यायचा.

"एलियाभाऊ," ते हळूच म्हणाले, "घंटा झाली तर मी झगा घालीन. कुणी काही म्हणो. पण घंटाच झाली नाही तर मी काय करणार?"

"साहेब, तुम्ही हुकूम द्या, मी वाजवतो."

"हुकूम पंचांचा असतो."

"मग झालं तर," मी म्हणालो.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिलो. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं आधी उडी घ्यावी. मग ते घरात गेले आणि मी केरसुणी घेतली. मनात प्रार्थना चालू होती आणि ती अशी की, देवा, दुसऱ्या कुणाला तरी उभं कर. नगरहून कुणी मोठा पाळक येऊ दे. मास्तरांना उपरती होऊ दे. माझ्याशिवाय कुणीही चालेल.

झाडत झाडत बाईंच्या पोत्याशी आलो. ते उचलून मागं फेकून द्यावं लागणार होतं, कारण आता तिथं कुणी बसणार नव्हतं. मी वाकलो आणि मला ते उचलता येईना. अंगात वारं शिरलं, देवदूत दिसला, असलं काही झालं नाही. मी केरसुणी तिथंच टाकली, शेजारच्या घंटेच्या मनोऱ्यात शिरलो, दार लावलं आणि आतून आडणा घातला. दोर दोन्ही हातांनी धरला.

पहिला ठोका दिला.

मनोरा म्हणजे चार दगडी भिंती, वर घंटा, आणि डोळ्यांच्या उंचीला हातभर लांब, वीतभर रुंद झरोका. त्यातून माझ्या खोलीचं दार दिसायचं, कंपाउंडाचं फाटक दिसायचं आणि पलीकडं माळ. आत उभं राहिलं की दोन्ही खांदे भिंतीला लागायचे. प्रार्थना सुरू केली. निम्म्यापर्यंत आलो आणि 'आमची ऋणे आम्हांस सोड' या क्षमेच्या ओळीशी अडकलो. रोज तोंडपाठ म्हणायची ओळ, ती पुढं सरकेना. तशीच गिळली आणि दुसरा ठोका दिला.

सातव्या-आठव्याला बाहेर पावलं वाजली. कुणीतरी दार ढकललं, मग थाप मारली. दोन-तीन पंचांचे आवाज आले. आडणा काढ, वेडा झालास का, वगैरे. मी पुढचा ठोका दिला. दार सागाचं होतं, सहज मोडणारं नव्हतं, पण मीही आता बाहेर पडू शकत नव्हतो. बाहेर ते होते आणि आत मी होतो. पुढच्या ठोक्याशिवाय जायला जागाच नव्हती.

सतराव्याच्या आसपास झरोक्यातून पाहिलं तर आमच्या खोलीच्या दाराबाहेर ट्रंक पडली होती. पुढच्या ठोक्याला पाहिलं तर अंथरुणाची वळकटी. मग पाण्याचा पिंप, मग पाटा. पंचांनी वेळ घालवला नव्हता. सारा आत उभी राहून बघत असेल, तिच्या डोळ्यांदेखत तिचा संसार बाहेर येत असेल, आणि हे मी केलं होतं. बावीस वर्षं पाळलेली एक गोष्ट मी वीस ठोक्यांत मोडली होती. दोर सोडून खाली बसावं असं वाटलं. तेव्हा बसलो असतो तर आज हे सांगायला तोंड राहिलं नसतं, पण त्या क्षणी तरी धैर्यानं मला उभं ठेवलं नाही. बसायला जागा नव्हती म्हणून उभा राहिलो. एकविसावा दिला.

पंचांचे आवाज थांबले. मग दाराशी एकट्या मास्तरांचा आवाज आला. नेहमीसारखा, न चढवलेला.

"एलिया, अजूनही थांबलास तर खोलीचं बघता येईल. मुलीच्या फीचंही. तुला कुणी भरीला घातलं म्हणून सांगतो मी सभेत. ऐकतोयस ना? चोरासाठी घंटा वाजवून तुला काय मिळणार आहे?"

तोपर्यंत मी एक्केचाळीसवर आलो होतो. एक्केचाळीस वेळा त्या ओळीशी अडकलो होतो.

"चोर नव्हत्या त्या," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "मास्तर, किल्ली मी दिली. पहिल्या दिवशी त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, एलिया, पोर मळलेलं हाय, पाणी लागतं. मी कमरेच्या करदोट्याची किल्ली सोडून त्यांच्या हातात दिली. रोज मीच दिली. सभेत तुम्ही विचारलं तेव्हा घाबरलो. म्हणालो, खुंटीवरून नेली असेल. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाह्यलं, आणि मी घेतली म्हणाल्या."

हे मी सहा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. साराला नाही, देवालाही सरळ नाही. एकदा फक्त बाईंसमोर तोंड उघडलं होतं. त्या व्हरांड्यात बसल्या होत्या. मी 'बाई' एवढंच म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "जा, वेळ झाली घंटेची." मी गेलो. मला तेवढंच हवं होतं.

मला वाटलं मास्तर हादरले असतील.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"काय?"

"किल्ली तुझ्या करदोट्याला असायची. आंघोळीलाही तू ती सोडत नव्हतास. खुंटीवर ती कधी कुणी पाहिली होती? सभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, एलिया."

"मग बाईंना का काढलं?"

"काढायचं तर कुणातरी एकालाच होतं. तू नाही म्हणालास, त्या हो म्हणाल्या. आणि तू ऐकण्यातला होतास."

मला आजही त्या वाक्याचा राग येतो, आणि मास्तरांपेक्षा माझा जास्त येतो. सहा वर्षं मी ते पाप पोटाशी धरून बसलो होतो, कुणाला दिसू नये म्हणून रस्ता बदलून जात होतो, मान खाली घालून हो म्हणत होतो. आणि ते सगळ्यांना दिसत होतं. माझी मान कुठं धरायची ते त्यांना त्या दिवसापासून माहीत होतं. लाजेनं अंग भाजलं. मग दोर ओढला तो इतक्या जोरात की वर बसलेली पाखरं फडफडून उडाली. बेचाळीस.

मास्तरांची पावलं दूर गेली. मला ओळ म्हणता आली की नाही हे प्रामाणिकपणे आठवत नाही. एवढंच आठवतं की पन्नासनंतर झरोक्यातून पाहिलं तर माळावरून पाच-सहा माणसं ओळीनं येत होती. पारधी होते. त्यांना आमचे ठोके मोजायची सवय नव्हती, पण कुणासाठी घंटा वाजतेय ते त्यांना कळलं होतं. ते फाटकाबाहेर येऊन थांबले. आत बोलवल्याशिवाय येत नसत.

चौसष्ट ठोके दिले. साहेबांचा अंदाज चुकला असेल तर वर्षभर इकडं की तिकडं, तेवढं देव सांभाळून घेईल. आडणा काढला तेव्हा हातांची सालं निघाली होती.

बाहेर पंच नव्हते. पाळकसाहेब दवाखान्याच्या दारात उभे होते, झगा घातलेला, वरचं बटण चुकीच्या काजात. आणि आमच्या खोलीसमोर, ट्रंक, वळकटी, पिंप, पाटा, डबे यांच्यामध्ये सारा उभी होती. कमरेला पदर खोचलेला, तोंड घामानं डबडबलेलं. खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातलेली होती.

मी तिच्याजवळ गेलो. तिच्याकडं बघायचं धाडस होत नव्हतं.

"कुणी काढलं सामान?"

"मी."

"तू?"

"दुसऱ्या ठोक्यालाच आवराया लागले." ती धापा टाकत बोलत होती. "म्हणलं, आता येत्याल आन् खोलीचा धाक घालत्याल. धाक घालाया त्यांच्याकडं काय ठिवायचंच नाय. पिंप तेवढा एकटीला जड गेला."

"सकाळी तर तू नाही म्हणालीस."

"भ्याले व्हते. अजून भ्याले हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "किल्लीचं मला ठावं व्हतं. आठ दिस दिवेलागणीला तुमचा करदोटा मोकळा असायचा. कुणी सांगायचं का बायकोला? वाट बघून ऱ्हायले. सा वर्सं."

मी रडलो. लाज न बाळगता, कंपाउंडाच्या मधोमध, वस्तीतल्या बायका बघत असताना. सारानं मला रडू दिलं. मग म्हणाली, "चला, खांदा द्यायचाय."

पेटी उचलायला वस्तीतलं कुणी पुढं आलं नाही. घरांच्या दारांत उभे होते सगळे, बाईंच्या हातात जन्मलेले. पाळकसाहेबांनी एक खांदा धरला. मी दुसरा. सारा फाटकाशी गेली आणि बाहेर थांबलेल्यांना हातानं आत बोलावलं. मागचे दोन खांदे त्या पारध्यांनी दिले. कबरस्तानाच्या भिंतीआत, वाटेच्या उजव्या हाताला, बाईंना जागा मिळाली. माती लोटण्याआधी पाळकसाहेबांनी कुणाला साक्ष द्यायची आहे का विचारलं. तोवर दारांत उभे असलेल्यांपैकी बरेच जण मागून येऊन भिंतीपाशी उभे राहिले होते. मी किल्लीचं सगळं सांगितलं. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. काहींनी फक्त पायांकडं पाहिलं.

परत आलो तेव्हा दुपार टळायला आली होती. पाळकसाहेब म्हणाले, आठ दिवस माझ्या पडवीत राहा. पण ती पडवीही पंचांचीच होती, आणि घंटा वाजल्यावर झगा घातला म्हणून त्यांनाही जाब द्यायचा होताच. पिंप आणि पाटा त्यांच्याकडं ठेवायला दिले. वळकटी मी डोक्यावर घेतली. ट्रंकेची एक कडी मी धरली, एक सारानं. फाटकातून बाहेर पडलो तर समोर रस्त्याला दोन फाटे. एक नगरकडं, एक माळाकडं. माझे पाय थांबले.

"कुठं जायचं ते ठरवलंयस का?" मी विचारलं.

"नाय," सारा म्हणाली आणि तिच्या बाजूची कडी ओढली. "आधी चला तर."